टीबीच्या वॉर्डातून आलेली गोळी



एका अभ्यासवर्गानंतर एक तरुण कार्यकर्ता मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिलीय. पण आपलं दुःख तर जातीचं आहे. गोळी घेतली म्हणजे मी हरलो, असं होत नाही का?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या चळवळीत अनेकजण या गोळ्या लपवून घेतात किंवा मध्येच सोडून देतात. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असाही समज आहे. म्हणून या गोळीचा इतिहास आपण माहीत करून घेतला पाहिजे.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचे टीबीचे सरकारी रुग्णालय होते. तिथे येणारे बहुतेक रुग्ण गरीब होते. 1929 च्या सुमारास संसर्गाच्या भीतीने गोऱ्या परिचारिका नोकरी सोडून जाऊ लागल्या. त्यांच्या जागी कृष्णवर्णीय परिचारिकांची भरती झाली. त्यातल्या अनेकजणी वर्णभेदाचे कायदे असलेल्या दक्षिणेकडील राज्यांतून आल्या होत्या. ज्या कामात मरणाचा धोका, ते काम खालच्या समजल्या गेलेल्या माणसांच्या वाट्याला, ही रीत आपल्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. पुढे या स्त्रियांना 'ब्लॅक एंजल्स' म्हटले गेले.

1952 मध्ये याच रुग्णालयात आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड या दोन औषधांच्या चाचण्यांचे निकाल आले. रोज रुग्णांच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या या परिचारिकांच्या श्रमाशिवाय त्या चाचण्या झाल्याच नसत्या. आयप्रोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांमध्ये एक वेगळीच गोष्ट दिसली. खाटेला खिळलेली माणसे उत्साहाने बोलू लागली, त्यांची भूक वाढली. 1957 मध्ये नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध नैराश्यावर उपयोगी पडते असे मांडले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम प्रसिद्ध केला. आधुनिक नैराश्यविरोधी औषधांची सुरुवात इथून झाली.

हा इतिहास स्वच्छ नाही, हेही सांगितले पाहिजे. आयप्रोनियाझिडमुळे यकृताला इजा होते हे दिसल्यावर 1961 मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. कून यांनी मनोरुग्णालयातल्या अनेक रुग्णांवर त्यांची रीतसर संमती न घेता औषधांचे प्रयोग केले, हे इतिहासकारांनी 2019 मध्ये उघड केले. 1987 मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. त्यानंतर मेंदूत सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य येते, ही सोपी गोष्ट जाहिरातींतून घरोघर पोचली. या सिद्धांताला ठोस पुरावा नाही, असे 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. पण कारणाची गोष्ट चुकली म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. मध्यम ते तीव्र नैराश्यात आणि चिंताविकारात या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. सगळ्यांना होतोच असे नाही.

आता आपल्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. 'नैराश्य' हा शब्द वापरून संस्थांची जबाबदारी झाकली जाते, ही चळवळीची भीती खरी आहे. 2016 मध्ये रोहित वेमुला आणि 2019 मध्ये डॉ. पायल तडवी गेल्यावर आपण न्याय मागितला, तो मागितलाच पाहिजे. गोळीने जात जात नाही. पण त्यावरून गोळीच नको, हा निष्कर्ष कसा निघतो?

आयप्रोनियाझिडचे भावंड असलेले आयसोनियाझिड आजही आपल्या वस्त्यांमधले टीबीचे रुग्ण घेतात. कोंदट खोली आणि अर्धपोटी राहणे यांमुळे टीबी फोफावतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कोणी रुग्णाला सांगतो का, की आधी घर मिळू दे, मग गोळी घे? आपण गोळीही देतो आणि घरासाठी मोर्चाही काढतो. मनाच्या आजाराला मात्र वेगळा न्याय लावतो.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे का, गोळ्या उपलब्ध आहेत का, हे आपण विचारायला हवे. आरक्षणाची अंमलबजावणी तपासतो तशीच ही तपासा.

आणि जे गोळी घेत आहेत त्यांच्यासाठी: परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मनाने सुरू करू नका, अचानक बंद करू नका. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी आणि मित्रांनी लक्ष ठेवावे आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. टेली मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते.

त्या तरुणाला मी म्हणाले, "गोळी घे, आणि पुढच्या मीटिंगलाही ये." तो आला होता.

जयभीम!