शिराझचा रुग्ण आणि जस्ताचं कोडं

‘कंट्रोल ग्रुप कशासाठी असतो?’ हा प्रश्न नेट-सेटची तयारी करताना तुम्ही चार पर्यायांसह सोडवला असेल. उत्तर बरोबरही आलं असेल. पण तो ग्रुप नसला की नेमकं काय अडतं, हे मला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, इतिहासात सगळ्यात स्पष्ट दिसलं. म्हणून आज तेवढंच सांगतो.

1958 साल, इराणमधलं शिराझ शहर. बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्यात शिकलेले आणि पुढे अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले डॉ. आनंद प्रसाद तिथे काम करत होते. त्यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय 21, पण दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. दाढी-मिशी नाही, जननेंद्रियं लहान मुलासारखी, त्वचा खरखरीत, यकृत आणि प्लीहा वाढलेल्या, शिवाय लोहाच्या कमतरतेचा तीव्र अ‍ॅनिमिया. जेवण म्हणजे जवळजवळ फक्त न आंबवलेली गव्हाची रोटी. वर रोज अर्ध्या किलोच्या आसपास माती खायचा! थोड्याच काळात असे आणखी दहा रुग्ण सापडले.

इथे दोन प्रश्न होते. रक्तस्राव कुठेच नाही, मग पुरुषांमध्ये एवढी लोहाची कमतरता कशी? आणि लोह कमी पडलं तर रक्त कमी होईल, पण वाढ आणि वयात येणं का थांबावं? दुसरा प्रश्न सहज सोडून देता आला असता. ‘अ‍ॅनिमिया आहे, गोळ्या द्या’ म्हटलं की केस संपली. प्रसादांनी तो सोडला नाही. गव्हातलं फायटेट आणि पोटातली माती लोहाला धरून ठेवत असतील, तर आवर्त सारणीतल्या त्याच्या शेजाऱ्यांनाही धरून ठेवत असतील, असा त्यांचा तर्क होता.

जस्तावर संशय जायला आधार होता. 1869 मध्ये रोलँ यांनी काळ्या बुरशीच्या वाढीला जस्त लागतं हे दाखवलं होतं, 1934 मध्ये उंदरांबाबत तेच सिद्ध झालं आणि 1955 मध्ये डुकरांच्या एका त्वचारोगाचं मूळ जस्ताच्या कमतरतेत सापडलं. माणसाबद्दल मात्र सर्वमान्य मत असं होतं की जस्त सगळ्याच अन्नात असतं, त्यामुळे ते कमी पडणं शक्यच नाही.

आता खरी गोम बघा. शिराझचे रुग्ण लोहाच्या गोळ्या आणि हॉस्पिटलच्या जेवणावर सुधारले. वयात येण्याची लक्षणंही दिसू लागली. मग श्रेय कोणाला? गोळीला की जेवणातल्या मांसाला, ज्यात जस्त भरपूर असतं? दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे या रुग्णांवरून काहीच ठरवता येत नव्हतं. 1961 च्या शोधनिबंधात जस्ताची शक्यता मांडली गेली, पण ती शक्यताच राहिली.

उत्तर मिळालं इजिप्तमध्ये. कैरोजवळच्या खेड्यांत अशीच खुंटलेली मुलं होती. ती माती खात नव्हती, पण अनेकांना हुकवर्म आणि शिस्टोसोमायसिस होता. त्यांच्या प्लाझ्मात, लाल पेशींत आणि केसांत जस्त कमी निघालं. (जस्त मोजणं तेव्हा डोकेदुखी होती. रबरी बुचातूनसुद्धा ते नमुन्यात उतरतं!) मग उपचारांचे गट वेगळे केले: काहींना जस्त, काहींना लोह, काहींना फक्त चांगला आहार. जस्तवाल्यांची उंची इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त वेगाने, वर्षाला 12 ते 15 सेंटीमीटरच्या हिशेबाने, वाढली. शिराझमध्ये एकत्र गुंतलेला धागा इथे सुटला.

तरी वाद दहा वर्षं चालला. 1974 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने जस्ताची रोजची गरज जाहीर केली, तेव्हा कुठे मान्यतेचा शिक्का बसला. वाढच का थांबते, तर पेशी विभागायला लागणाऱ्या कितीतरी एन्झाइमांना जस्त लागतं. 1985 मध्ये झिंक फिंगर सापडल्यावर जनुकं वाचणाऱ्या प्रथिनांतही ते दिसलं.

फायटेटचा मुद्दा आपल्या ताटालाही लागू आहे. ज्वारी-बाजरीत जस्त असतं, पण तक्त्यातला आकडा आणि आतड्यातून शोषलं जाणारं प्रमाण यांत फरक पडतो. आंबवताना फायटेज एन्झाइम फायटेट तोडतं, त्यामुळे आंबिलीचं गणित भाकरीपेक्षा वेगळं.

मोजण्याची अडचण मात्र पूर्ण सुटलेली नाही. शरीरात जस्त साधारण 2 ग्रॅम, त्यातलं प्लाझ्मात सुमारे 0.1 टक्का, आणि साधा संसर्ग झाला तरी ते खाली जातं. लोहाला फेरिटिन आहे, तसा भरवशाचा साठादर्शक जस्ताला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये जुलाब झालेल्या बाळांना ओआरएससोबत 10 ते 14 दिवस जस्त द्यायला सांगितलं (सहा महिन्यांच्या आत 10 मिलीग्रॅम, त्यापुढे 20), ते रक्त न तपासताच.