आकडा आणि नाव

गावाच्या नावापुढे ‘बुद्रुक’ किंवा ‘खुर्द’ लागलेले महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आढळते. ‘मिलिटरी’ लागलेले क्वचितच आढळेल. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे असे गाव होय. तेथील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणूस गेला, आणि हे इंग्रजी पद गावाच्या नावाला कायमचे जडले. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले असे गाव सांगते. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने उभारलेला स्तंभ तेथे आहे.

त्या काळी मराठा पलटणींची भरती मुख्यतः सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून होई. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की फौजेने कुत येथे या डिव्हिजनला वेढा घातला. उपासमारीने जेरीस आलेल्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रे खाली ठेवली. पुढे कैदेतही अनेकांचा अंत झाला. इकडे सह्याद्रीच्या कुशीतील घरांत पत्राची वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

युद्ध संपल्यावर सरकारने स्मरणाची व्यवस्था केली. मात्र तिची रीत पाहण्यासारखी आहे. गावोगाव ज्या शिला बसविल्या गेल्या, त्यांवर बहुधा एवढेच कोरले होते की, या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. १९२९ साली अनावरण झालेल्या बसरा येथील भव्य स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी नोंदविली गेली. शंभर वर्षे लोटल्यावर, एप्रिल २०२१ मध्ये, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने हा भेदभाव आपल्या अहवालात मान्य केला.

सरकारने मोजलेला मनुष्य गावाने मात्र नावानिशी ओळखला होता. तो कोणाचा मुलगा, त्याचे शेत कोणत्या शिवेला, त्याच्यामागे घरात कोण उरले, हे गावाला ठाऊक होते. या ओळखीला व्यवहारातही मोल होते. पेन्शनीचा हक्क सिद्ध करावयाचा, तर वारस कोण हे सांगणारा कोणी तरी हवा. ती साक्ष अखेर गावाकडूनच येई. पत्र वाचून दाखविणारा मास्तर, मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन आणि नांगरटीच्या दिवसांत बैलजोडी देणारा शेजारी हेच सैनिकाच्या कुटुंबाचे पहिले आधार होत. घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीचे नाव तर कोणत्याच शिलेवर आले नाही.

स्वातंत्र्यानंतर या जबाबदारीला देशव्यापी रूप आले. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो आणि त्या दिवशी सामान्य नागरिकांकडून सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा होतो. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. २०२० साली महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय घेतला. रक्कम मोठी नव्हे. पण घरपट्टी हे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. गावाने आपल्या तिजोरीतून आपल्या माणसाला दिलेला हा मान आहे.

सैनिकाचा गौरव स्तंभापाशी होतो, ते योग्यच आहे. परंतु कवायत संपते, बिगूल थांबतो आणि माणसे पांगतात. त्यानंतर त्या घराचे दार ज्याला नावाने हाक मारून ठोठावता येते, त्याच्याच हाती त्या गौरवाचे उरलेले काम असते. अपशिंग्यासारख्या गावांनी ते काम कोणी न सांगता केले. दगडावरील आकड्याला त्यांनी माणसाचे नाव परत दिले.