‘ध’चा ‘मा’ आणि एन्क्रिप्शनचं कुलूप

पोस्ट मोठी आहे, पण पुण्याची आहे आणि तुमच्या-माझ्या पैशांशी संबंधित आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघं अठरा. पुढची गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते. राघोबादादांनी गारद्यांना कागद दिला, ‘नारायणरावांस धरावे’. वाटेत आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. हे खरंच असं घडलं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही आणि एका बाईच्या माथी सगळं मारून मोकळं व्हायची आपली सवयही जुनीच. पण समाजानं ही गोष्ट अडीचशे वर्षं जपली, कारण तिच्यातली भीती खरी आहे. कागद चोरीला गेला नाही. वाचायला नको त्यानं वाचला, एवढ्यावरही थांबलं नाही. कागद बदलला आणि ज्याच्या हाती पडला त्याला कळलंच नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सरकारी कामांच्या निविदा अधूनमधून वाचाव्या लागतात. त्यात एक वाक्य हमखास असतं, ‘सर्व माहिती एन्क्रिप्टेड असावी’. झालं, सुरक्षा संपली. अहो, एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. आतलं दिसू नये एवढंच त्याचं काम. आतलं बदललं गेलं नाही, याची हमी त्यात असेलच असं नाही.

हा फरक आपल्या जुन्या दफ्तरांना पक्का माहीत होता. मराठी कागदावर वर शिक्का आणि मजकूर संपतो तिथं मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ असं मोर्तब दिसतं. पेशवाईत ‘लेखनसीमा’. अर्थ सरळ आहे : पत्राची हद्द इथं संपली, याखाली काही लिहिलेलं दिसलं तर ते आमचं नव्हे. कागद चिकटवून लांब केला असेल तर सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवत, म्हणजे मधलं पान कुणी बदलू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज बैठकीच्या बातमीत वापरतो, पण तो मुळात दफ्तरातला बंदोबस्त आहे.

त्या बंदोबस्तात एक भोक होतं. मोर्तबाचा ठसा मजकूर काहीही असो, तोच उमटतो. खाली ओळ वाढवली तर पकडली जाईल. पण मधल्या ‘ध’चा ‘मा’ केला तर ठशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता संगणकाकडे. स्ट्रीम सायफर नावाचा प्रकार आहे. किल्लीतून ० आणि १ ची लांबच लांब माळ तयार करायची आणि मजकुराच्या बिटांवर ती एकास एक लावायची. माळेत १ असेल तिथं मजकुराचा बिट उलटा होतो, ० असेल तिथं तसाच राहतो. पलीकडे तीच माळ पुन्हा लावली की मूळ मजकूर परत. साधं, वेगवान. अमेरिकेत गिल्बर्ट व्हर्नमनं ही कल्पना १९१७ साली तारयंत्रासाठी मांडली. तुमच्या जीएसएम फोनमध्ये तिचंच रूप होतं आणि घरच्या वायफायमध्येही.

गोम अशी, की वाटेत कुणी सत्तावन्नावा बिट उलटा केला, तर उलगडल्यावर मजकुराचाही नेमका सत्तावन्नावा बिट उलटा होतो. किल्ली ठाऊक असायची गरजच नाही. मूळ मजकूर काय असेल याचा अंदाज पुरतो.

मी हिशोब करून पाहिला. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘ध’ आणि ‘म’ यांच्या चोवीस बिटांत फरक किती? फक्त दोन बिटांचा! पुढचा काना मात्र जास्तीचा, त्याला जागा कुठून आणायची? ‘धरावे।’ असं दंड देऊन लिहिलं असेल तर चिन्हं सहा, बाइट अठरा. ‘मारावे’ची चिन्हंही सहाच, बाइट अठराच. दंड खाऊन टाकला की काना बसतो. म्हणजे कुलूप न उघडता, पेटी बाहेरून दोन-चार ठिकाणी ठोकायची आणि आतलं पत्र बदलायचं. आनंदीबाईंना निदान दौत-लेखणी तरी लागली असती.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. वायफायचं पहिलं संरक्षण, डब्ल्यूईपी, आरसी४ या स्ट्रीम सायफरवर उभं होतं. बदल ओळखायला त्यात सीआरसी-३२ ही बेरजेसारखी खूण होती. पण ती खूण तारेवरच्या खरखरीसाठी बनलेली, लबाड माणसासाठी नव्हे. तिला किल्ली नाही. मजकूर बदलणारा खूणही त्याच हिशोबानं बदलून घेतो. २००१ साली बोरिसोव, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी हे जाहीरपणे दाखवलं. घराघरात बसलेले राउटर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं तसेच चालू राहिले.

उपाय म्हणजे मेसेज ऑथेंटिकेशन कोड, मॅक. मी त्याला मजकुरातून निघालेलं मोर्तब म्हणतो. प्रत्येक अक्षर आणि गुप्त किल्ली मिळून एक ठसा तयार होतो. एक काना हलला तरी ठसा वेगळा, आणि किल्लीशिवाय नवा ठसा काढता येत नाही. १९९६ साली एचमॅक आलं. २००५ मध्ये डॅनियल बर्नस्टीन यांचं पॉली१३०५ आलं. ते संदेशाचे सोळा-सोळा बाइटचे तुकडे संख्या मानून २ चा १३० वा घात वजा ५ या मूळसंख्येच्या हिशोबात बहुपदी मांडतं. त्यांचाच स्ट्रीम सायफर चाचा२०. (नाव नाचावरून आहे, काकांशी संबंध नाही.) ही जोडी आज इंटरनेटवर सर्रास चालते.

तरीही चुका व्हायच्या, कारण जुन्या लायब्ऱ्या सुटे भाग हातात द्यायच्या. सायफर हा घ्या, मॅक तो घ्या, जोडा तुमचं तुम्ही. मग कुणी मॅक विसरे, कुणी आधी उलगडून मग तपासे, कुणी एकच माळ दोन संदेशांना लावी. हे शेवटचं तर फारच घातक, दोन्ही संदेश एकमेकांना उघडे पाडतात. बर्नस्टीन, लांगे आणि श्वाबे यांच्या नॅकल लायब्ररीनं भाग सुटे देण्याऐवजी एकच पेटी दिली. ठसा जुळला तर मजकूर, नाही तर काहीच नाही. अर्धवट, संशयास्पद मजकूर बघायलाही मिळत नाही. एकाच संदेश-क्रमांकाचा पुनर्वापर टाळणं मात्र आजही आपल्यालाच सांभाळावं लागतं.

आता पैशांचं. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्याच कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमनं विचारायचं, ‘पैसे देऊ का?’ आणि बँकेच्या मुख्य यंत्रणेनं खातं बघून उत्तर द्यायचं, ही रीत. चोरांनी मध्ये एक खोटा स्विच बसवला. तो मुख्य यंत्रणेला न विचारताच ‘द्या’ म्हणत राहिला. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टनं हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख! या चोरीचा गाभा गुप्त काही वाचण्यात नव्हता. खोटा हुकूम खरा म्हणून खपवण्यात होता. नुसता मॅक लावून हे थांबलं असतं असंही मी म्हणणार नाही. चोर आत शिरून किल्लीपर्यंत पोचला तर ठसाही त्याचाच. शिक्का कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न पेशवाईतही होताच.

उलट टोकाचं उदाहरण आपला सातबारा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कुणीही बघावा. पण त्यात एक शून्य बदललं तर घर उद्ध्वस्त होतं. म्हणून त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. तिथं मॅक चालत नाही, कारण मॅकची किल्ली दोघांकडे असते आणि तिसऱ्याला तपासता येत नाही. सातबारा तर बँकेलाही तपासायचाय, कोर्टालाही.

तेव्हा पुढच्या वेळी महापालिकेचं किंवा बँकेचं नवं ॲप आलं आणि कुणी ‘एन्क्रिप्टेड आहे’ म्हणून छाती फुगवली, तर विचारा : वाटेत बदललं तर तुम्हाला कळतं का, आणि ती किल्ली कुणाकडे असते? ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांनी आज रात्री ‘धरावे।’ नुसत्या चाचा२० नं बंद करून अठरा बाइट बाहेरून बदलून बघा. मग तेच पॉली१३०५ जोडून करा. पहिल्यांदा ‘मारावे’ निमूट बाहेर येईल, दुसऱ्यांदा पेटी उघडणारच नाही.