अतिमेदरक्तता आणि सांधे, कंडरा व स्नायू

अतिमेदरक्तता किंवा हायपरलिपिडेमिया म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड किंवा हे दोन्ही मेदघटक प्रमाणाबाहेर वाढलेले असण्याची स्थिती होय. हृदयविकार व पक्षाघात हे तिचे सुपरिचित परिणाम आहेत. मात्र हा दोष आनुवंशिक असलेल्या अनेक रुग्णांत त्याची पहिली दृश्य खूण टाचेवर, हाताच्या बोटांमागे किंवा गुडघ्यावर उमटते. ती साधा ‘वात’ समजली गेली, तर मूळ आजार कित्येक वर्षे निदानावाचून राहतो.

कंडरांवरील परिणाम

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय दोरीला कंडरा म्हणतात. रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास ते धमन्यांच्या भिंतींप्रमाणेच कंडरांतही झिरपते. तेथील भक्षक पेशी ते गिळतात, मेदाने फुगून फेसाळ दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊती वाढून गाठ तयार होते. या मेदगाठीला झँथोमा म्हणतात. टाचेमागील अकिलीस कंडरा आणि हाताची बोटे सरळ करणाऱ्या कंडरा या तिच्या नेहमीच्या जागा होत. गाठ टणक असते व कंडरेबरोबर हलते. झँथोमा या नावाचा अर्थ पिवळी गाठ असा असला, तरी ती खोल असल्याने वरची त्वचा बहुधा नेहमीच्याच रंगाची दिसते. त्यामुळे अनेकदा ती पादत्राणाने पडलेला घट्टा समजली जाते. काही रुग्णांत टाच अधूनमधून सुजून दुखते आणि काही दिवसांत आपोआप बरी होते.

कंडरेतील झँथोमा हे कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलरक्ततेचे महत्त्वाचे लक्षण आहे. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डच गुणांकन पद्धतीत केवळ या एका खुणेला 6 गुण दिले जातात. जपानमध्ये क्ष-किरण चित्रावर अकिलीस कंडरेची जाडी मोजतात; तेथे 9 मिलिमीटर ही मर्यादा दीर्घकाळ प्रचलित होती.

आनुवंशिकता

झँथोमा, उच्च कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार एकाच कुटुंबात एकत्र आढळतात, हे नॉर्वेतील कार्ल म्यूलर यांनी 1930च्या दशकात मांडले. यकृतपेशींवरील एलडीएल ग्राहकाच्या दोषामुळे हे घडते, हे दाखवणाऱ्या मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सदोष जनुकाची एक प्रत साधारण 250 ते 300 व्यक्तींमागे एकीत आढळते. दोन्ही प्रती सदोष असणे फार विरळ आहे. अशा मुलांत एलडीएलची पातळी बहुधा 400 ते 500 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असते आणि झँथोमा बालपणीच दिसतात.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. आजी-आजोबांपैकी एकाकडून असे जनुक वराकडे आले असेल, तर त्याच्या मामेबहिणीकडेही ते असण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून रुग्णाच्या निदानानंतर भावंडांची व मुलांची रक्ततपासणी आवश्यक ठरते.

सांध्यांवरील परिणाम

दोन्ही प्रती सदोष असलेल्या रुग्णांत एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारा संधिदाह होतो. अवेदिस खाचादुरियन यांनी 1968 मध्ये त्याचे वर्णन केले. गुडघे व घोटे सुजतात, रक्ताचा ईएसआर वाढतो आणि महाधमनीच्या झडपेत मेद साचल्याने हृदयात मर्मर ध्वनीही ऐकू येतो. हे चित्र ऱ्हुमॅटिक तापाशी हुबेहूब जुळते. भारतात ऱ्हुमॅटिक ताप आजही आढळत असल्याने डॉक्टरांचे लक्ष प्रथम तिकडे जाणे स्वाभाविक आहे. पण त्यासाठी दिलेले पेनिसिलिन येथे निरुपयोगी असते. कोपर-गुडघ्यांवरील गाठी पाहणे आणि लिपिड प्रोफाइल ही साधी रक्ततपासणी करणे एवढ्याने हा घोळ टळू शकतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय 1956 साली स्थापन झाले. ‘घाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रुग्णालयात मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. ही तपासणी अशा रुग्णालयांच्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे.

ट्रायग्लिसराइड वाढलेल्या व्यक्तींत यूरिक आम्लही बऱ्याचदा वाढलेले असते व गाउट होण्याचा धोका अधिक असतो. झिजेच्या संधिवाताशी कोलेस्टेरॉलचा संबंध मात्र निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

आहार

मराठवाड्यात रब्बी हंगामात पिकणाऱ्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. नान-खलियासारख्या स्निग्ध पदार्थांवर मर्यादा ठेवून असे तेल बेताने वापरल्यास एलडीएल काहीसे घटते. आनुवंशिक दोष मात्र केवळ पथ्याने आटोक्यात येत नाही. त्याला औषधे लागतातच.

स्नायू आणि औषधे

स्नायूदुखीची तक्रार बहुतेक वेळा मेदापेक्षा स्टॅटिन या औषधाशी जोडली जाते. स्नायूपेशींचा गंभीर नाश अत्यंत विरळ असतो. त्यात सीके हे विकर फार वाढते व लघवी गडद होते. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणाने 2001 मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. साध्या दुखण्याबाबत चित्र वेगळे आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन चाचणीत स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे 90 टक्के त्रास औषधविरहित गोळीवरही जाणवला. थायरॉइडच्या मंदावलेल्या कार्याने कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात, त्यामुळे स्टॅटिनला दोष देण्यापूर्वी टीएसएच तपासले जाते. स्टॅटिनने एलडीएल दीर्घकाळ कमी राहिल्यास कंडरांतील झँथोमाही हळूहळू आकसतात.