शंभर योजने आणि एक विहीर : व्यायाम, उपचार आणि वऱ्हाड

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहावरचा एक अध्याय आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो औषधांसाठी नव्हे, तर त्यातल्या माणसांसाठी वाचावा, असे आम्हांला वाटते. काढे-चूर्णे सांगून झाल्यावर रोग बळावलेल्या माणसाने काय करावे, हे संहिताकार सांगू लागतो, आणि तिथे गद्याचा नूरच बदलतो. ज्याच्याजवळ धन नाही, ज्याला आप्त नाहीत, त्याने जोडा आणि छत्री टाकून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत, मुनीसारखा संयम पाळून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. धनवंताने रानधान्यावर आणि रानफळांवर राहावे, मृगांच्या संगतीत असावे, गाईंच्या मागे हिंडावे. ब्राह्मणाने शेतात पडलेले दाणे वेचून निर्वाह करावा. इतरांनी सतत नांगरावे, किंवा विहीर खणावी. जो कृश आहे, त्याला मात्र नेहमी जपावे. निर्धनाने वैद्याचा हा शब्द आळस न करता पाळला, तर वर्षभरात किंवा त्याआधीही तो रोगमुक्त होतो, असा भरवसाही लगेच दिलेला आहे.

योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते. चार कोसांचे धरले तर चारशे कोसांची ही पायपीट होते. एका रोगाच्या निमित्ताने इथे सगळी समाजरचना उभी राहते. श्रीमंताचा व्यायाम म्हणजे वैभवापासून दूर जाणे. गरिबाचा व्यायाम म्हणजे, तो आधीच जे भोगतो आहे, तेच नियमाने भोगणे. आणि 'इतरां'ना सांगितलेला नांगर व विहीर? तो तर त्यांचा रोजचा धंदाच. ज्याचे पोट नांगरावर चालते त्याला औषध म्हणूनही नांगरच सांगावा, यात वैद्यकीय शहाणपण किती आणि वर्णव्यवस्थेची सवय किती, हे ठरवणे सोपे नाही. आम्हांला दोन्ही दिसतात.

आम्ही हे वाशीममध्ये बसून लिहितो आहोत. हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे, वत्सगुल्माचे गाव. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह इथेच लागतो, त्यामुळे मराठीच्या वर्गात या नावाचा उल्लेख झाला की विद्यार्थ्यांच्या माना थोड्या ताठ होतात. पण गावाची दुसरी आख्यायिका रोगाची आहे. वासुकी नावाचा कुष्ठी राजा इथल्या पद्मतीर्थात स्नान करून बरा झाला, अशी ती कथा. (गुल्म हा शब्द आयुर्वेदात पोटातल्या गाठीच्या विकारालाही वापरतात, हा योगायोग; त्यावर व्युत्पत्तीचा इमला बांधू नये.) आख्यायिकेत राजा पाण्याने बरा होतो, श्रमाने नाही. मौखिक परंपरेला तीर्थ पुरते. शरीराला कामाला लावणारा उपचार ग्रंथातच राहतो.

ग्रंथांनीही व्यायामाची सरसकट भलामण केलेली नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाला 'अर्धशक्ती'ची मर्यादा घातली. अंगातले निम्मे बळ वापरावे, तेही थंडीत आणि वसंतात, आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. वात-पित्ताचे रोगी, बालक, वृद्ध, अजीर्ण झालेला, यांनी तो टाळावा. अतिश्रम करणाऱ्याची गत हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी होते, अशी उपमा तो देतो. म्हणजे मात्रा, काळ, पात्र आणि निषेध, असे औषधाचे सारे नियम व्यायामाला लावलेले आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात व्यायामाची जी लाट आली, तिने हे नियम बरेचसे बाजूला सारले. तिला रोगी बरा करायचा नव्हता. तिला दुबळा ठरवला गेलेला समाज उभा करायचा होता. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. (आखाडा काढणाऱ्यांचे आडनाव वैद्य असावे, हेही गमतीचे.) १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडातल्या मातीतला मल्लखांब हिटलरच्या जर्मनीत दाखवला गेला, याचा अभिमान आमच्या भागात अजून सांगितला जातो. त्या वर्षीच्या बर्लिनमध्ये सशक्त शरीराची पूजा कोणत्या दिशेने चालली होती, हे मात्र त्या अभिमानात सहसा येत नाही.

तरीही उपचाराचा धागा तुटला नव्हता. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो रुजवला. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवर लंडनमध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेले पुस्तक निघाले, ते आरोग्याचे पुस्तक म्हणूनच. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात व्यायामाच्या जोडीने हाडवैद्यकही चाले. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. आसने व क्रिया चालू असताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी पाहण्याचा त्यांचा प्रयत्न होता. शब्दप्रामाण्याकडून मोजमापाकडे झालेले हे वळण आम्हांला त्या पिढीतले सर्वांत धाडसी वाटते. १९६३ साली त्यांनी डॉ. विनेकर यांच्यासह योगचिकित्सेवर ग्रंथ लिहिला. पण याच कुवलयानंदांकडे १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्षपद दिले होते. शाळेच्या मैदानावर व्यायाम कवायत झाला, आणि कवायतीत सगळ्यांना एकच मात्रा असते.

अमरावतीतच या गोष्टीला एक वेगळे टोक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तिथे कुष्ठरुग्णांसाठी जगदंबा कुष्ठनिवास उभारला. लोक त्याला तपोवन म्हणतात. तिथे रुग्ण शेती करीत, हातकाम शिकत. जंतूंवर काम औषधाचे होते. श्रम बोटांना आणि मनाला वळण देण्यासाठी होते. पद्मतीर्थाच्या आख्यायिकेतला राजा स्नान करून एका क्षणात पूर्ववत होतो. तपोवनातल्या माणसाला मात्र बधिर झालेल्या हाताने, इजा होणार नाही अशा बेताने, अवजार धरायला शिकावे लागे. 'अर्धशक्ती' या शब्दाचा याहून नेमका अर्थ आम्हांला आढळलेला नाही.

आधुनिक वैद्यकाने श्रमाचे मोल आकड्यांत मांडले ते बरेच उशिरा. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवले की, लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांची तीन वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. केवळ सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह जडला. आहार आणि चालणे बदललेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. या पाहणीतला एक तपशील आम्हांला सुश्रुतापाशी परत नेतो. जे आधीच अंगमेहनतीचे काम करीत होते, त्यांना वेगळा व्यायाम सांगितला गेला नाही; आहे तेच चालू ठेवा, एवढेच सांगितले गेले. 'इतरांनी नांगरावे' याचेच हे सौम्य रूप नव्हे काय?

आणि तो कृश? सुश्रुत प्रमेहाचे दोन प्रकार करतो: जन्मजात प्रमेहाचा रोगी बहुधा कृश, अपथ्याने झालेल्याचा बहुधा स्थूल. कृशाला पोषक अन्न द्यावे, स्थूलाला लंघन आणि व्यायाम. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी छापली. दोघांचा देहभारांक एकच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून स्थूल, अशी ही भारतीय काया सुश्रुताच्या दोन कप्प्यांत बसत नाही. तिला जपावे की पळवावे, हे नुसते पाहून कळत नाही.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. सोयाबीनच्या निंदणाला दिवसभर वाकणारी, जेमतेम वजनाची बाई तपासणीत साखर निघाली म्हणून दवाखान्यातून बाहेर पडते, तेव्हा तिच्या हातात जो छापील कागद असतो त्यावर 'रोज तीस मिनिटे चालावे' असे लिहिलेले असते. शेत गावापासून दोन कोसांवर असते, आणि ती तिथे पायीच गेलेली असते.