चार्ल्सटन बंदरातील एक सही



माझे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, दिव्याखाली. त्यामुळे इतिहासाचे पुस्तक हाती आले की राजे आणि लढाया यांच्याआधी माझी नजर मजुरी कोण घेतो आणि कागदावर सही कोण करतो याकडे जाते. आज मी एका नवरा-बायकोच्या बोटप्रवासाची हकीकत सांगणार आहे. त्या प्रवासात सारे काही एका सहीवर अडले होते.

एलेन आणि विल्यम क्राफ्ट हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचे गुलाम. विल्यम कसबी सुतार. मालक त्याला दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लावी आणि मजुरी स्वतः घेई. जादा काम करून चार पैसे सुटत, तेवढेच त्याचे. सोळा वर्षांचा असताना मालकाने त्याला आणि त्याच्या बहिणीला बँकेकडे गहाण टाकून कापसाचा सट्टा केला. कापसाचे भाव पडले आणि बहीणभाऊ लिलावात निघाले. एलेनचा तर जन्मदाता बापच तिचा मालक, म्हणून ती रंगाने गोरी. अकराव्या वर्षी तिला मालकाच्या मुलीला, म्हणजे स्वतःच्या सावत्र बहिणीला, लग्नाचा आहेर म्हणून देऊन टाकण्यात आले.

1848 च्या डिसेंबरात दोघांनी बेत ठरवला. एलेनने आजारी गोऱ्या जमीनदाराचा वेश घ्यायचा आणि विल्यमने त्याचा गुलाम व्हायचे. विजार तिने स्वतः शिवली. बाकीचे कपडे विल्यमने एकेक करून विकत आणले. नाताळची चार दिवसांची रजा मिळाली, तिची चिठ्ठीही मिळाली. ती चिठ्ठी दोघांपैकी कोणालाच वाचता येत नव्हती, कारण गुलामाला अक्षर शिकवणे जॉर्जियात गुन्हा होता. मग ध्यानात आले की हॉटेलच्या वहीत आणि चार्ल्सटनच्या जकात कचेरीत प्रवाशाला सही करावी लागते. दोघेही खचले. तोड काढली ती एलेनने : उजवा हात पोटीस बांधून झोळीत अडकवायचा! दाढी नाही हे झाकण्यासाठी गालांवरूनही पट्टी बांधली आणि डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला.

21 डिसेंबरला आगगाडीने सव्हाना गाठले आणि तेथून चार्ल्सटनची आगबोट धरली. बोटीवर गुलामांना निजायला जागाच नव्हती. विल्यमने ती रात्र धुराड्याजवळच्या कापसाच्या पोत्यांवर काढली. सकाळी न्याहारीला 'मालकाने' नोकराचे आभार मानले, तर शेजारच्या अधिकाऱ्याने त्याबद्दल कान उपटले : अशाने गुलाम बिघडतात!

हे चार्ल्सटन 1670 सालचे, दोन नद्यांच्या मुखाशी वसलेले. भात आणि कापूस यांच्यावर ते श्रीमंत झाले, आणि भात-कापूस पिकवणारी माणसेही त्याच धक्क्यांवर उतरवून विकली गेली. आफ्रिकेतून गुलाम आणण्याला 1808 मध्ये कायद्याने बंदी झाली, तरी शहरातला गुलामांचा बाजार चालूच होता. भाड्याने कामाला जाणाऱ्या गुलामाला नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला घालावा लागे. त्यावर वर्ष, नंबर आणि धंदा कोरलेला : हमाल, घरगडी, कोळी. आपल्या स्टेशनावरच्या हमालाच्या दंडावरही पितळी बिल्ला असतो. पण तो त्याच्या स्वतःच्या पोटाचा परवाना आहे. चार्ल्सटनचा बिल्ला मालक पैसे भरून घेई, आणि कमाईही मालकाचीच.

क्राफ्ट दांपत्य उत्तम हॉटेलात उतरले. एलेनची बडदास्त ठेवली गेली; विल्यमला स्वयंपाकघरात फुटक्या बशीत, गंजलेल्या सुरीकाट्यासह जेवण मिळाले. तेथून थेट फिलाडेल्फियाला जायचे होते, पण ती बोट हिवाळ्यात बंद. तेव्हा विल्मिंग्टनची बोट धरायची ठरली. त्यासाठी जकात कचेरीत गेल्यावर कारकून म्हणाला, वहीत आपले आणि गुलामाचे नाव लिहा, आणि गुलामामागे एक डॉलर भरा. एलेनने डॉलर भरला, बांधलेला हात दाखवला आणि आपणच लिहावे अशी विनंती केली. कारकुनाने दोन्ही हात खिशात खुपसले आणि साफ नकार दिला. लोक पाहू लागले. तेवढ्यात सव्हानाच्या बोटीवरचाच एक तरुण लष्करी अधिकारी पुढे आला आणि त्याने ओळख दाखवून हस्तांदोलन केले. ते पाहून बोटीचा कप्तान म्हणाला, मी जबाबदारी घेतो. आणि त्याने वहीत लिहिले : मिस्टर जॉन्सन आणि गुलाम.

ठेकेदाराने कोऱ्या कागदावर अंगठे उठवून घेतलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. अक्षर न येण्याची शरम त्यांच्या तोंडावर असते. एलेनने त्या शरमेलाच पट्टी बांधली आणि साहेबाचे दुखणे म्हणून मिरवले! त्या कचेरीतल्या एकालाही संशय आला नाही, कारण गोरा साहेब निरक्षर असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

पुढे बॉल्टिमोरला पुन्हा अडवणूक झाली, पण 25 डिसेंबरच्या सकाळी दोघे फिलाडेल्फियाला पोहोचले. जवळच्या एका क्वेकर शेतकऱ्याच्या घरी ती तीन आठवडे राहिली आणि तेवढ्यात दोघेही आपापले नाव लिहायला शिकली. आमच्या रात्रीच्या वर्गात साठीच्या बायांनाही साधारण तेवढेच दिवस लागतात.

1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना पकडून परत नेण्याची सोय केली. तेव्हा दोघे बोस्टनहून इंग्लंडला गेली. तेथे 1860 मध्ये विल्यमने ही हकीकत छापली. प्रवासाच्या वर्णनात तो बायकोला 'माझे मालक' म्हणतो. 1861 मध्ये यादवी युद्धाच्या तोफा प्रथम धडाडल्या त्या चार्ल्सटनच्याच बंदरात. त्यात अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्या मुंबईत सट्ट्याचा कहर झाला, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. युद्धानंतर दोघे जॉर्जियात परतली आणि मुक्त झालेल्यांसाठी त्यांनी शाळा काढली. एलेन 1891 मध्ये वारली. विल्यम अखेरीस मुलीकडे राहायला गेला आणि 1900 साली तिच्याच घरी वारला, चार्ल्सटनमध्ये.