तातडीची गर्भनिरोधक गोळी : केव्हा घ्यावी, कशी घ्यावी, कोठे मिळते

कंडोम फाटला, रोजच्या गोळ्या राहून गेल्या किंवा कोणतेही साधन न वापरता संबंध आला, आणि सध्या मूल नको आहे. अशा वेळी दिवस जाऊ नयेत म्हणून संबंधानंतर घेता येणारी गोळी म्हणजे तातडीची गर्भनिरोधक गोळी. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात ती 'ईझी पिल' या नावाने दिली जाते. औषधांच्या दुकानात ती आय-पिल, अनवॉन्टेड-७२ अशा नावांनी मिळते. नाव कोणतेही असले तरी आत औषध एकच असते, ते म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम.

किती वेळात घ्यावी

संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांच्या आत. शनिवारी रात्री १० वाजता संबंध आला असेल तर मंगळवारी रात्री १० वाजेपर्यंत. पण ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे. 'अजून दोन दिवस आहेत' असे म्हणून थांबू नका, कारण जितका उशीर होईल तितका गोळीचा उपयोग कमी होत जातो. पहिल्या १२ ते २४ तासांत घेतलेली गोळी सर्वांत चांगली. चौथ्या-पाचव्या दिवशीही गोळी थोडाफार उपयोग करू शकते, पण तोवर उशीर झाला असेल तर तांबी बसवून घेणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

एक गोळी, एकदाच, पाण्याबरोबर. जेवणाआधी किंवा जेवणानंतर कधीही चालते, मात्र काही खाऊन घेतल्यास मळमळ कमी जाणवते. काही पाकिटांत ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतात. त्या दोन्ही एकाच वेळी घ्याव्यात. जास्त गोळ्या घेतल्याने जास्त संरक्षण मिळत नाही.

गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर औषध शरीरात पुरेसे गेलेले नसते. लगेच दुसरी गोळी घ्या. दोन तासांनंतर उलटी झाली तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

गोळी नेमके काय करते

हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला एक बीज बाहेर पडते आणि ते साधारण एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे संबंध आज आला तरी गर्भ दोन-तीन दिवसांनी राहू शकतो. ही गोळी बीज बाहेर पडणे पुढे ढकलते. तोवर शुक्राणू मरून जातात आणि गर्भ राहत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ही गर्भपाताची गोळी नाही. आधीच दिवस गेले असतील तर ती काही करत नाही, आणि नकळत घेतली गेली तरी पोटातल्या बाळाला इजा करत नाही. दुसरी, बीज आधीच बाहेर पडले असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. म्हणूनच ती शंभर टक्के खात्रीची नाही. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात १०० स्त्रियांचा एकदाच, साधनाशिवाय संबंध आला तर त्यांपैकी साधारण आठ जणींना दिवस जातात. त्याच १०० जणींनी वेळेत गोळी घेतली तर साधारण एकीला जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. गोळीने बीज पुढे ढकलले जाते, नाहीसे होत नाही. म्हणजे ज्या दिवशी गर्भ राहू शकतो तो दिवस अजून यायचा असतो. 'परवा गोळी घेतली आहे, आता या महिन्यात भीती नाही' असे समजून पुन्हा साधनाशिवाय संबंध ठेवला तर दिवस जाण्याचा धोका खराखुरा असतो. गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्या संबंधासाठी नाही. पुढची पाळी येईपर्यंत दर वेळी कंडोम वापरा.

केव्हा गरज पडते

साधन न वापरता संबंध आला, कंडोम फाटला किंवा निसटला, पुरुषाने वेळेत बाजूला होण्याचे ठरवले होते पण ते साधले नाही, या वेळा सर्वांना माहीत असतात. काही कमी माहीत असतात. माला-एनच्या सलग तीन किंवा अधिक गोळ्या चुकल्या, अंतरा इंजेक्शनची तारीख उलटून चार आठवड्यांहून अधिक झाले, छायाची गोळी सात दिवसांहून जास्त उशिरा झाली, किंवा तांबी आपोआप बाहेर आली, आणि त्या काळात संबंध आला असेल, तरी ही गोळी घेता येते. जबरदस्ती झाली असेल तेव्हाही. त्याबद्दल शेवटी वेगळे दिले आहे.

कोठे मिळते, किती पैसे लागतात

उपकेंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शहरांतील नागरी आरोग्य केंद्रांत ती मोफत दिली जाते. आशाताईंकडेही ती असते. गर्भनिरोधक साधने घरपोच देण्याची योजना २०११ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे देशभर लागू झाली. त्या योजनेत आशाताई घरी आणून देतात तेव्हा त्यांच्या श्रमापोटी तातडीच्या एका गोळीला २ रुपये, माला-एनच्या एका पाकिटाला १ रुपया आणि तीन कंडोमच्या पाकिटाला १ रुपया असा दर ठरवलेला आहे. त्याहून जास्त पैसे देण्याची गरज नाही.

औषधाच्या दुकानात ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. रविवारी किंवा सणाच्या सुट्टीत उपकेंद्र बंद असेल तर सोमवारची वाट पाहू नका, दुकानातून घ्या.

गोळी घेण्यासाठी नवऱ्याची किंवा सासूबाईंची परवानगी लागत नाही. आशाताई गावातल्याच, कदाचित भावकीतल्याच असतात. त्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर एएनएम ताईंकडे किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आपली गोष्ट गुप्त ठेवणे हे आरोग्य सेवकाचे कर्तव्य आहे. कार्यक्रम राष्ट्रीय असल्यामुळे ऊसतोडीला कर्नाटकात, वीटभट्टीवर गुजरातमध्ये किंवा आणखी कोठे कामाला गेलेल्या स्त्रियांनीही तिथल्या जवळच्या सरकारी केंद्रात ही गोळी मागावी. तिथे भाषा अडली तर 'ईझी पिल' हे नाव सांगितले तरी पुरते.

नावांचा गोंधळ टाळा

दुकानात घाईने, दबक्या आवाजात मागताना चूक होऊ शकते. एकाच नावाने सुरू होणारी तीन वेगळी औषधे बाजारात आहेत. अनवॉन्टेड-७२ ही तातडीची गोळी. अनवॉन्टेड-२१ या रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या. आणि अनवॉन्टेड किट हे गर्भपाताचे औषध, ज्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असते. शेवटचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि तपासणीशिवाय कधीही घेऊ नका. त्यातून जास्त रक्तस्राव होऊ शकतो, आणि गर्भ गर्भाशयाबाहेर असेल तर जिवावर बेतू शकते. पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम लिहिले आहे ना आणि वापराची मुदत संपलेली नाही ना, हे दुकानातच पाहून घ्या. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कोणी घ्यावी, कोणी आधी विचारावे

जवळजवळ कोणतीही स्त्री ही गोळी घेऊ शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा अर्धशिशी असल्यामुळे ज्यांना रोजच्या गोळ्या चालत नाहीत त्यांनाही ही चालते, कारण तिचा परिणाम थोडाच काळ टिकतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, आणि पाजणे थांबवावे लागत नाही.

मात्र काही औषधे या गोळीचा परिणाम कमी करतात. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळीचे औषध शरीरातून लवकर निघून जाते. फिट्सच्या काही गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन) आणि एचआयव्हीसाठीचे एफाविरेन्झ यांचेही तसेच आहे. उपचार संपल्यावर सुमारे चार आठवडे हा परिणाम राहतो. असे असेल तर तांबी हा सर्वांत चांगला पर्याय आहे. ती शक्य नसेल तर डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या सल्ल्याने दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात. ही औषधे चालू आहेत हे गोळी मागतानाच सांगा. गोळीसाठी क्षयरोगाचे औषध मात्र एक दिवसही चुकवू नका. वजन खूप जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यांनीही तांबीचा विचार करावा.

तांबी : संबंधानंतर पाच दिवसांपर्यंत

तांबी पाळणा लांबवण्यासाठी असते एवढेच अनेकींना माहीत असते. पण संबंध आल्यापासून पाच दिवसांच्या आत बसवली तर ती तातडीचा उपाय म्हणूनही काम करते, आणि गोळीपेक्षा कितीतरी खात्रीने. सरकारी केंद्रात ती मोफत बसवली जाते. एका प्रकारची पाच वर्षे आणि दुसऱ्या प्रकारची दहा वर्षे चालते. मूल हवे झाले की कधीही काढता येते. जिला दोन मुलांत अंतर ठेवायचे आहे तिच्यासाठी हा एका फेरीत दोन कामे करणारा उपाय आहे.

गोळी घेतल्यानंतर

मळमळ, डोकेदुखी, चक्कर, थकवा, स्तन दुखरे होणे, थोडे डाग पडणे असे होऊ शकते. एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. पाळी ठरल्या तारखेच्या काही दिवस आधी किंवा नंतर येऊ शकते. डाग पडले म्हणजे पाळी आली असे समजू नका.

पाळी तारखेपेक्षा आठवडाभराहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा. त्यासाठीचे 'निश्चय' किट आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोरात दुखू लागले, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता असते. घरी थांबू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

दिवस गेले आहेत असे निघाले आणि मूल नको असेल तर कायद्याने मार्ग आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरकडे २० आठवड्यांपर्यंत, आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. १८ वर्षांवरील स्त्रीला त्यासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. जितके लवकर जाल तितके ते सोपे आणि सुरक्षित असते.

दर महिन्याला घेतली तर चालेल का

एका महिन्यात दुसऱ्यांदा गरज पडली आणि गोळी घेतली तर जिवाला धोका नाही, आणि पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. पण पाळीचे वेळापत्रक बिघडते, अंगावरून अवेळी जाऊ लागते, आणि रोजच्या गोळ्या, अंतरा किंवा तांबीच्या तुलनेत संरक्षण फारच कमी मिळते. वारंवार ही गोळी शोधावी लागत असेल तर नेहमीचे साधन निवडण्याची वेळ आली आहे. आशाताईंना 'मला महिनोन्‌महिने चालेल असे काहीतरी सांगा' एवढे म्हटले तरी पुरे.

माला-एन तातडीच्या गोळीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येते, पण पहिले सात दिवस कंडोमही वापरावा लागतो. छाया पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. तातडीची गोळी असो वा यांपैकी काही, एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून संरक्षण फक्त कंडोम देतो.

जबरदस्ती झाली असेल तर

आधी रुग्णालयात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांनी अत्याचारग्रस्त स्त्रीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. 'आधी पोलिसांत तक्रार नोंदवून या' असे सांगून परत पाठवता येत नाही. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालयाचे असते. १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पोक्सो कायद्यानुसारही पोलिसांना कळवावेच लागते.

तिथे तातडीची गर्भनिरोधक गोळी मागा. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधेही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, तीही मागा. शक्य असल्यास आंघोळ न करता आणि त्याच कपड्यांत जा, म्हणजे पुरावा टिकतो. आंघोळ झाली असली तरी जा, उपचारांचा हक्क तसाच राहतो. सोबत कोणी नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करा, लहान मुलींसाठी १०९८ वर. जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन, वकिलाची मदत आणि गरज पडल्यास काही दिवस राहण्याची सोय मिळते.